गाळलेलं ‘म्हणे’

ठमीच्या घरात खोटं बोललेलं एक वेळ खपून जायचं, पण ऐकीव गोष्ट ‘म्हणे’ न लावता सांगितलेली खपत नसे. हा आत्याचा कायदा. कोणी बाहेरून येऊन म्हणालं, "वरच्या मजल्यावरच्या काकांनी नोकरी सोडली," की आत्या हातातलं काम थांबवून विचारायची, "सोडली, का सोडली म्हणे?" डोळ्यांनी पाहिलं असेल तर ‘सोडली’. कानांनी ऐकलं असेल तर ‘सोडली म्हणे’. यात घोळ केलात की तुमचा कान आत्याच्या चिमटीत आलाच म्हणून समजा.

ठमी म्हणजे काही लहान पोर नव्हे. चांगली पस्तिशी ओलांडलेली बाई. चष्मा आहे, पाठदुखी आहे, कायमची नोकरी आहे. पण आत्यानं लहानपणी ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती. बाप लांबच्या शहरात कामाला. त्यानं पोर बहिणीच्या ओटीत टाकलं आणि तो मोकळा झाला. आत्यानं मग लग्नाचं नावच काढलं नाही. एका पोरीला सांभाळता सांभाळता शेजारच्यांची पोरं घरात येऊ लागली आणि बघता बघता त्या घराचं पाळणाघर झालं. सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा.

दुपारी पोरांना झोपवायची आत्याची रीत जगावेगळी होती. ती पोरांना झोपवतच नसे. जेवणं आटोपली की स्वतः मधोमध सतरंजीवर आडवी व्हायची आणि म्हणायची, "दमले रे बाबांनो. आज मला कोण झोपवतंय?" की झालं! पोरं तिच्याभोवती कोंडाळं करून बसायची. एक कपाळावर थोपटतंय, एक पाय चेपतंय, एक बाकीच्यांना दटावतंय, "शूऽऽ, आत्या उठेल ना!" थोपटता थोपटता एकेकाचा हात सैल पडायचा, मान कलायची. शेवटचं पोर आडवं झालं की आत्या एक डोळा किलकिला करून बघायची आणि हळूच उठून भांडी घासायला जायची. ठमीही लहानपणी अशीच झोपली होती. आपण आत्याला झोपवतो या भ्रमात ती चांगली शाळेत जाईपर्यंत होती.

आता अशा घरात वाढलेल्या मुलीनं नोकरी कुठे करावी? तर बातम्यांच्या वाहिनीत! पडद्याच्या तळाशी अक्षरांची पट्टी पळते ना, ती लिहायचं काम ठमीचं. पट्टीत मोजकीच अक्षरं मावतात, त्यामुळे जे नडेल ते छाटायचं. पहिल्याच दिवशी साहेबांनी, म्हणजे संपादकांनी, तिची एक पट्टी वाचून कपाळाला हात लावला होता.

"हे ‘म्हणे’ काय आहे? ‘पूल खचला म्हणे’! अहो, ‘म्हणे’ म्हणजे लंगडी बातमी. आपली पट्टी पळती आहे. पळत्या पट्टीत लंगडं चालेल का?"

स्वतःच्या विनोदावर साहेब खूश झाले आणि पुढे कितीतरी वर्षं नव्या माणसांना तो ऐकवत राहिले. ठमीला सुरुवातीला जड गेलं. मग सवय झाली. दुधातली माशी काढावी तसं ती ‘म्हणे’ चिमटीत धरून बाजूला काढायची. घरी आली की पुन्हा लावायची. चपला दाराशी काढायच्या आणि निघताना घालायच्या, त्यात कोणी एवढा विचार करत नाही. तसंच होतं ते.

तर एका दुपारी आत्यानं घरच्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. सतरंजीभर पोरं अस्ताव्यस्त झोपलेली, एकाचा पाय दुसऱ्याच्या पोटावर. ठमी ऑफिसात डबा खात होती. एका हातात घास आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तिनं लिहिलं, ‘बघा, पोरं हूं की चूं करत नाहीत! आत्या दुधातून झोपेचं औषध देते म्हणे.’ पुढे हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेला पिवळा चेहरा. सगळे हसले. आत्यानंच उत्तर दिलं, ‘देते ना. तुलाही दिलं होतं, अजून उतरलेलं नाही.’

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण ठमीच्या चुलत वहिनीला ती थट्टा फार आवडली आणि तिनं ती आपल्या मैत्रिणींना पाठवली. मैत्रिणींनी आणखी कोणाला. वाटेत कुठेतरी तो हसरा चेहरा गळून पडला. मग आत्या गळाली आणि तिच्या जागी ‘एका पाळणाघरात’ आलं. मग कोणा बिचाऱ्या घाबरलेल्या आईनं खाली जोडलं, ‘काळजी घ्या.’ पण एक सांगायला हवं, लोकांना आपण उगाच नावं ठेवतो. इतक्या हातांतून फिरलं, तरी ‘म्हणे’ मात्र शाबूत होतं. एकानंही ते काढलं नाही.

ते काढलं ठमीनं.

त्या दिवशी बातम्यांचा दुष्काळ होता. प्रेक्षकांनी ज्या नंबरवर काहीबाही पाठवायचं, त्यावर तो मजकूर आला: ‘शहरातल्या एका पाळणाघरात दुधातून झोपेचं औषध देतात म्हणे. पोरं हूं की चूं करत नाहीत. काळजी घ्या.’ साहेबांनी वाचलं आणि त्यांचे डोळे लकाकले. "चालव. लेकरांचं आहे, लोक बघतील."

आपलंच पोर दुसऱ्याचे कपडे घालून दारात आलं, तर ओळखायला जरा वेळ लागतो हे खरं. पण ठमीनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. समोर चार कामं होती, पाठ दुखत होती. तिनं ‘शहरातल्या एका’ छाटलं, ‘म्हणे’ छाटलं, शेवटी उद्गारचिन्ह ठोकलं आणि पट्टी सोडून दिली. ‘पाळणाघरात चिमुकल्यांना दुधातून झोपेचं औषध!’ धचा मा करायचीही गरज पडली नाही. नुसतं गाळून काम झालं.

संध्याकाळी ती पर्स खांद्याला लावून निघाली तेव्हा स्टुडिओच्या बाहेरच्या पडद्यावर भोंगा सुरू झाला होता. भोंगा म्हणजे वाहिनीचा मुख्य निवेदक. त्याच्या आवाजामुळे ऑफिसात सगळे त्याला पाठीमागे भोंगाच म्हणत, आणि त्याला ते कळल्यावर तो उलट खूशच झाला होता. तो टेबलावर मूठ आपटत विचारत होता, "पोरं हूं की चूं करत नाहीत! का करत नाहीत? आईबापांनो, विचारा स्वतःला!"

हूं की चूं. ठमीचा पाय जिन्याच्या पायरीवरच थबकला.

पडद्यावर आता एक दार दिसत होतं. निळं दार, त्यावर रंगात बुडवलेल्या इवल्या हातांचे ठसे. त्यातला सगळ्यात जुना, अगदी खालचा, पुसट झालेला ठसा ठमीचा होता. नाव आत्याचं कोणी घेतलं नव्हतं. दिवसभर फोन येत राहिले, ‘कुठलं पाळणाघर?’ म्हणून, आणि कोणीतरी कोणालातरी सांगितलं, ‘ते हो, जिथे पोरं गुपचूप झोपतात.’ झालं. वार्ताहर गेला. त्यानं फळीवरची एक बाटली कॅमेऱ्यासमोर धरली आणि भोंग्यानं स्टुडिओतून आरोळी ठोकली, "ही संशयास्पद बाटली कशाची?"

ती आत्याच्या गुडघ्याच्या तेलाची बाटली होती. ठमीनंच आणून दिलेली.

ठमी तशीच मागे फिरली आणि साहेबांच्या खोलीत शिरली. दार वाजवायचंही भान राहिलं नाही.

"साहेब, ते माझ्या आत्याचं पाळणाघर आहे. ती थट्टा होती. माझीच. मीच लिहिलं होतं ते, घरच्या ग्रुपवर."

साहेब वाईट माणूस नव्हते, हेच तर वाईट. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"मग उत्तम झालं," ते म्हणाले. "आत्यांना बोलव ना स्टुडिओत. त्यांना बाजू मांडू दे."

"बाजू कसली, साहेब? बातमीच खोटी आहे."

"आपण कुठे नाव घेतलं? लोकांनी घेतलं. आपण प्रश्न विचारला. आता प्रश्न विचारणंही गुन्हा का?" त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, वरून फोन आलाय. मालकांना कार्यक्रम आवडलाय. आज आपण सगळ्यांच्या पुढे आहोत. दोन दिवस जाऊ दे, लोक विसरतात."

"आत्या विसरेल का?"

साहेब पडद्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमी आत्याकडे गेली. नोकरी लागल्यापासून ती वेगळी राहायची, पण जायला तिला जेमतेम दोन गल्ल्या ओलांडाव्या लागत. दारापाशी नगरसेवक उभे राहून स्वतःचा व्हिडिओ काढून घेत होते, "एकाही मातेच्या डोळ्यांत पाणी येऊ देणार नाही." ज्यांच्याबद्दल बोलत होते त्यातली एकही माता तिथे नव्हती. ते गेले तेव्हा आरोग्य खात्याची माणसं आली, दुधाचा आणि तेलाचा नमुना घेऊन गेली. मग कोणीच आलं नाही. पोरांच्या खुंट्यांवर एकही पिशवी नव्हती. आत्यानं सवयीनं दूध तापवलं होतं, आणि आता एवढ्या दुधाचं करायचं काय म्हणून ती पातेल्याकडे बघत उभी होती.

"ये," ती म्हणाली. "दूध पितेस? औषध नाही त्यात."

ती हसायला गेली आणि तोंड वाकडं झालं. ठमीनं आयुष्यात आत्याला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही पाहिलं नाही. आत्यानं पाठ फिरवली आणि ओटा पुसायला घेतला, स्वच्छ असलेला ओटा.

खात्याचा निकाल आला. दूध हे दूध होतं आणि तेल हे तेल. ठमी कागद घेऊन धावत साहेबांकडे गेली. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "हो हो, चालवू की. लिही: ‘औषध दिले नसल्याचा पाळणाघर संचालिकेचा दावा.’"

"दावा? साहेब, तपासणी झालीय."

"अगं, आपण न्यायाधीश आहोत का? जबाबदारीनं लिहायला नको?"

ठमी आपल्या खुर्चीत येऊन बसली. ती त्या एका शब्दाकडे बघत राहिली. दावा. म्हणजे ‘म्हणे’च की! सुटाबुटातलं. खोट्याच्या अंगावरून जे ओरबाडून काढलं, तेच आता खऱ्याच्या गळ्यात बांधायचं. आणि ही जबाबदारी! तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोटांनी ती पट्टी लिहिली. सवय वाईट.

त्या दिवशी ती आत्याकडे गेली आणि उंबऱ्यातच सगळं बोलून मोकळी झाली. ग्रुपवरची थट्टा कशी फिरत गेली, कशी तिच्याच टेबलावर आली, तिनं कशी ओळखली नाही. आत्या पोरांच्या दुलया उन्हातून काढून घड्या घालत होती. कोणी पांघरणार नव्हतं, तरी उन्हात घातल्या होत्या.

"थट्टाच केलीस गं," आत्या म्हणाली. "मीही हसले होते."

"मी म्हणे लावलं होतं, आत्या."

"पहिल्यांदा लावलं होतंस." आत्यानं दुलईची घडी गुडघ्यावर दाबली. "दुसऱ्यांदा?"

ठमी उंबऱ्यातच खाली बसली.

"म्हणे कशाला लावायचं, मी सांगितलं होतं ना तुला? आपली मान सोडवून घ्यायला नाही लावायचं. म्हणे म्हणजे, बाबांनो, मी पाहिलेलं नाही, तुम्ही जाऊन बघा. जाऊन बघायला तुला दोन गल्ल्या लांब होत्या का गं, ठमे?"

बस, एवढंच. आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं. कान धरला असता तर ठमी तिच्या गळ्यात पडून रडली असती. आत्यानं तिला चहा दिला आणि दुसरी दुलई घडीला घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब जेवायला गेले आणि भोंगा मेकअपला बसला, तेव्हा ठमीनं पट्टी लिहायला घेतली. कितीतरी वर्षांत तिनं इतका वेळ एका ओळीला दिला नव्हता. अक्षरं मावेनात. एरवी काय छाटायचं ते बोटांना आपोआप कळायचं. आज छाटण्यासारखं काहीच सापडेना. शेवटी तिनं एक सोडून तीन पट्ट्या केल्या. ‘पाळणाघराची बातमी खोटी होती.’ ‘दुधात काहीही नव्हते. तपासणी झाली आहे.’ ‘ही अफवा आमच्या वाहिनीने पसरवली. पट्टी लिहिणारीने खात्री केली नव्हती.’ दावा नाही, सूत्रं नाहीत, उद्गारचिन्ह नाही. तिनं त्या सोडल्या, पर्स उचलली आणि जिन्याशी जाऊन उभी राहिली.

पट्ट्या पळत राहिल्या. हवामान, सामन्याचा निकाल, पाळणाघराची बातमी खोटी होती, हवामान. पळत्या पट्टीकडे बघतंय कोण! वाहिनीतल्या एकाही माणसाचं लक्ष गेलं नाही. बाहेरून मालकांचा फोन आला तेव्हा साहेब तोंडातला घास तसाच ठेवून धावत आले. ठमीला कोणी काढून टाकलं नाही, म्हणजे तसे शब्द कोणी वापरले नाहीत. साहेब एवढंच म्हणाले, "हे काय केलंस गं?" आणि त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं.

खाली रस्त्यावर आल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. नोकरी गेली होती, पुढे काय याचा पत्ता नव्हता, आणि तरी ती जवळजवळ पळत आत्याकडे गेली. ‘आता येतील,’ ती म्हणत होती, ‘लोकांनी वाचलं असेल. आता येतील पोरं.’ आत्यानं सगळं ऐकून घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं केलंस." मग तिनं जास्तीचं दूध मागवलं.

सकाळी कोणी आलं नाही. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. जेवणाची वेळ टळून गेल्यावर दार वाजलं, आणि ठमी अशी उठली की खुर्ची कलंडली.

दारात कंडक्टरबाई होती, बसमध्ये तिकिटं फाडणारी, कामाच्या खाकी कपड्यांतच. आणि तिच्या बोटाला धरून तिचा गोटू. तान्हा होता तेव्हापासून आत्याकडे वाढलेला. त्यानं आईचं बोट सोडलं आणि तो थेट आत आला, जसा रोज यायचा.

"आत्या, वाचलं हो मी," कंडक्टरबाई दारातूनच म्हणाली. "ते सगळं खोटं होतं म्हणे."

ठमीनं कलंडलेली खुर्ची उभी केली. खोटं होतं म्हणे. ‘म्हणे’ परत आलं होतं. ज्याच्या अंगावरून तिनं काढलं होतं, त्याला ते पुन्हा कधीच चिकटलं नाही. तिनं जे स्वच्छ धुऊन, उघड्यावर ठेवलं होतं, त्यालाच येऊन चिकटलं होतं.

"म्हणे काय गं?" आत्या म्हणाली. आवाज चढला नाही. "तुझं पोर माझ्या मांडीवर वाढलं. तू रोज आलीस, गेलीस. तू पाहिलंस."

कंडक्टरबाईचे डोळे भरून आले. "मला माहीत आहे हो. माझा आहे विश्वास. पण सासूबाई म्हणतात, आगीशिवाय धूर निघतो का. हे तर ऐकायलाच तयार नाहीत. उद्या पोराला साधी शिंक आली तरी सगळं माझ्यावर येईल." तिनं पदरासारखा रुमाल तोंडाला लावला. "गोटूची दुलई राहिली होती. तेवढी न्यायला आलेय."

आत्यानं दुलयांच्या चळतीतून हिरवी दुलई बरोबर काढली, घडी नीट केली आणि तिच्या हातात दिली.

"गोटू, चल बाळा."

पण गोटू सतरंजीवर बसला होता आणि हातानं जागा थोपटत होता. "आत्या, ये ना. तुला झोप आली."

आत्यानं कंडक्टरबाईकडे पाहिलं. कंडक्टरबाईनं मान खाली घातली. तेव्हा आत्या आली आणि रिकाम्या सतरंजीच्या मधोमध आडवी झाली. गोटूनं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि थोपटू लागला. "शूऽऽ," त्यानं ठमीला दटावलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं दटावायला. हळूहळू त्याचा हात जड झाला, मान कलली आणि तो आत्याच्या कुशीत आडवा झाला.

हूं नाही की चूं नाही.

कंडक्टरबाई दारात उभी राहून हे सगळं पाहत होती, दुलई छातीशी धरून. तिनं पाहिलं. आता तरी तिनं डोळ्यांनी पाहिलं. मग ती चपला काढून आत आली, झोपलेल्या पोराला अलगद उचललं, खांद्यावर टाकलं आणि कोणाकडेही न बघता निघून गेली.

आत्या उठली नाही. रोज शेवटचं पोर झोपलं की उठायची. आज डोळे मिटून तशीच पडून राहिली. ठमी सतरंजीवर तिच्या उशाशी बसली आणि तिच्या कपाळावर थोपटू लागली, लहानपणी थोपटायची तशी. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी निघून कानाकडे चाललं होतं. ते पुसायचं धाडस तिला झालं नाही.

"आत्या," बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "झोप लागली का गं?"

"लागली म्हणे," आत्या डोळे न उघडता म्हणाली.

ठमी थोपटत राहिली.